‘झालं’ असं ऐकू आलं

उडी मोजून व्हायच्या आधीच वाळू सपाट झालेली होती आणि दंताळं तिच्या हातात होतं. एवढंच घडलं होतं. कुणी पडलं नव्हतं, कुणाचं हाड मोडलं नव्हतं, मैदानाच्या पलीकडे गोळाफेकवाल्या बायका आपापले गोळे हनुवटीखाली धरून उभ्या होत्या त्या तशाच उभ्या होत्या. वाळू मात्र, पाहुणे यायच्या आधी पलंगावरची चादर ओढून बसवतात तशी, एकही सुरकुती न ठेवता बसली होती, आणि तिच्या मनात जो पहिला विचार आला तो असा, की काम छान जमलंय. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. तोवर टेपचा गुंता सोडवत उकिडवा बसलेला खुणेचा पंच मान वर करून आधी वाळूकडे, मग दंताळ्याकडे आणि मग तिच्याकडे बघू लागला होता. त्याच्या तोंडावर राग नव्हता, हेच वाईट होतं. शाळेतल्या बाई भर रस्त्यात पाय घसरून बसल्या की मुलं बघतात तसा तो बघत होता. हसावं की धावावं ते न कळून.

“मॅडम,” तो म्हणाला, “मोजायची होती ना अजून.”

“झालं असं ऐकू आलं मला,” ती म्हणाली.

लांब उडीच्या खड्ड्यापाशी ‘झालं’ हा साधा शब्द नसतो. मुलगी धावत येते, फळीवर पाय देते, हवेत जाते, वाळूत येते. फळीपाशी बसलेला पंच पांढरा झेंडा वर करतो, म्हणजे पाऊल फळीच्या पुढे पडलेलं नाही. मग खुणेचा पंच वाळूत जिथे सगळ्यात मागे काही टेकलं असेल तिथे सळई रोवतो, टेप फळीपर्यंत ताणली जाते, आकडा वाचला जातो, लिहिणारी तो लिहून घेते आणि मोठ्याने म्हणते, “झालं.” त्यानंतरच दंताळं चालतं. त्याच्या आधी नाही. हे कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण जगातल्या कुठल्याही खड्ड्यापाशी ‘झालं’च्या आधी कुणी दंताळं हलवत नाही, आणि तिचं अर्धं आयुष्य खड्ड्यापाशी गेलेलं होतं. तिला हे माहीत नव्हतं असं कुणीच म्हणू शकत नव्हतं. म्हणून सगळेजण ते न म्हणता उभे होते.

मुख्य पंच पोट सावरत आला. ‘झालं’ कोण म्हणालं, असं त्याने विचारलं. लिहिणारी म्हणाली, “मी नाही हं सर. माझं तर पेनच चालत नव्हतं, मी ते झटकत होते.” फळीवरचा पंच लांबूनच ओरडला, “मी इथे आहे, मी कशाला म्हणू?” खुणेच्या पंचाने गुंतलेली टेप पुरावा म्हणून वर करून दाखवली. शेवटी सगळे उडी मारणाऱ्या मुलीकडे वळले. ती खड्ड्याच्या कडेला दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाकलेली होती. लांब पाय, त्याहून लांब हात, मधे शरीर असं फारसं नाहीच. तिच्या क्लबात सगळे तिला टोळ म्हणत आणि ती ओ देई. टोळ थुंकली, परत थुंकली आणि म्हणाली, “तोंडात वाळू होती माझ्या. मी काय बोलणार?”

तर असा तो शब्द बिनमालकीचा निघाला. मुख्य पंचाने तो वाऱ्याच्या नावावर केला. “वारा आहे आज,” तो म्हणाला, “काहीही ऐकू येतं. मॅडमचा काही दोष नाही. नियम सरळ आहे, खूण पुसली गेली तर उडी पुन्हा. हिला जरा दम खाऊ द्या आणि पुन्हा मारू द्या. आभाळ नाही कोसळलं.” सगळ्यांनी माना हलवल्या. तिनेही हलवली. मान हलवताना तिच्या लक्षात आलं की आपण अजून दंताळ्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभ्या आहोत, शेतात काम करून दमलेल्या बाईच्या चित्रासारख्या, आणि आपण आयुष्यात कधी शेतात काम केलेलं नाही.

मुळात तिने दंताळ्याला हात लावायचं काही कारण नव्हतं. ती प्रमुख पाहुणी होती. मांडवात पांढरा अभ्रा घातलेला सोफा होता, समोरच्या टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या आणि कुणी न खाल्लेली बिस्किटं होती, आणि शेवटी तिच्या हस्ते पदकं द्यायची होती. सकाळी निघताना नवरा म्हणालाच होता, “नीट बस. पाय हलवू नकोस, तू पाय हलवतेस.” ती बसली. पण सोफा असा होता की माणूस आत आत जायचं आणि गुडघे वर वर यायचे, आणि शेजारचा कुणी अधिकारी तिला सारखा विचारत होता की हल्लीच्या मुलींमध्ये ती जिद्द आहे का. दंताळंवाला जेवायला गेला आणि परत येईना, तेव्हा ती उठली, मैदानावर चालत गेली आणि म्हणाली, “द्या इकडे, मी करते.” मांडवातून टाळ्या आल्या. निवेदक भोंग्यावरून म्हणाला, “बघा, बघा, विक्रमवीर स्वतः वाळू सारखी करताहेत, याला म्हणतात साधेपणा.” तिला बरं वाटलं. साधेपणा बघायला एवढी माणसं असली की तो करायला हुरूप येतो. एका हौशी पोराने फोन काढून तिचं चित्रीकरण सुरू केलं तेव्हा तिने पोट किंचित आत घेतलं होतं, आणि वाळू ओढताना पाठ कशी दिसत असेल याचा विचार केला होता. आता त्या विचाराचीही तिला लाज वाटत होती. लाजेचं असं असतं, एकीला आत घेतलं की ती आपल्या बहिणींना बोलावते.

कारण खूण तिने पाहिली होती. कुणालाच ते ठाऊक नव्हतं. खड्ड्याच्या काठाला एक छोटा नारिंगी झेंडा रोवलेला होता, विक्रमाचा, म्हणजे तिचा. इतकी वर्षं कुठल्याही मोठ्या स्पर्धेत तो तेवढ्याच अंतरावर रोवला जायचा आणि मुली त्याच्या अलीकडे पडायच्या. झेंड्यापलीकडची वाळू म्हणजे घरातली कुणी न वापरलेली खोली. ती फक्त झाडायची. टोळ हवेत असतानाच तिला कळलं होतं. हवेतल्या बाईकडे बघून ती कुठे पडणार हे तिला कळायचं. दोन टाचा झेंड्याच्या पलीकडे रुतल्या, चार बोटं पलीकडे, कदाचित पाच. मुलगी पुढे तोंडावर आपटली, मागे हात टेकला नाही, काही नाही, खूण अगदी स्वच्छ. पंच टेप सोडवत होता. लिहिणारी पेन झटकत होती. फोनवालं पोरगं तिच्या साधेपणाचं चित्रीकरण करत होतं. एकट्या तिने पाहिलं, आणि मग ‘झालं’ असं ऐकू आलं, आणि मग वाळू सपाट होती. मधलं काही तिला आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न केला की तिथेही वाळू सपाट होती.

टोळ आता खड्ड्यालगत पाय पसरून बसली होती आणि बुटातून वाळू काढत होती. ही तिची शेवटची उडी होती. पोलिसातली एक दणकट बाई तिच्या वितभर पुढे होती, आणि या स्पर्धेतून परदेशी एकच जण जाणार होती. टोळ एका मोठ्या दुकानात काउंटरवर दिवसभर उभी राहायची, असं मघाशी मांडवात कुणीतरी सांगितलं होतं, आणि मालकाने बजावलं होतं की आता एकतर उड्या मार नाहीतर हिशोबाला उभी राहा. म्हणजे आज जमलं तर उड्या. नाहीतर काउंटर. तिने मुलीकडे बघायचं टाळलं आणि मग आपण टाळतोय हे दिसेल म्हणून बघितलं. टोळ हसली. “ताई, टेन्शन नका घेऊ,” ती म्हणाली. “माझं अंग आताच कुठे तापलंय.” ती खोटं बोलत होती. शेवटच्या उडीनंतर अंगात काय उरतं ते हिला माहीत होतं: पिशवी उलटी करून झटकल्यावर पिशवीत उरतं तेवढं.

ताई. मॅडम. ऑफिसात उडी मॅडम. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली त्या पहिल्या आठवड्यातच शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी “मॅडम, ही फाइल साहेबांकडे जरा उडी मारून द्या” असा विनोद केला होता, आणि तो विनोद त्यांना इतका आवडला की निवृत्त होईपर्यंत त्यांनी तोच केला. ती दर वेळी हसली. नळाला पाणी येत नाही म्हणून भांडायला आलेली माणसं भिंतीवरचा तिचा फोटो बघून मवाळ व्हायची. हवेत, पाय पुढे, तोंड उघडं. फोटोत ती देशासाठी झेप घेत होती. खरं तर त्या दिवशी, विक्रमाच्या दिवशी, तिला लघवीला लागली होती. सकाळपासून गेली नव्हती, कारण तिथल्या बायकांच्या खोलीला कडी नव्हती. धावताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की हे लवकर उरकावं. फळी कधी आली तेही कळलं नाही. वाळूतून उठून ती मागे न बघता मैदानाबाहेर पळत सुटली आणि लोकांना वाटलं आनंदाने पळतेय, म्हणून लोकही मागे पळाले. परत आली तेव्हा विक्रम झालेला होता. वार्ताहराने विचारलं, उडी घेताना मनात काय होतं, आणि ती म्हणाली, “देश.” दुसरं काय म्हणणार? ते छापून आलं, पाठ्यपुस्तकाच्या एका पानावरही आलं, आणि मग ते काढून घेण्याची सोय राहिली नाही. आईला तिने फोन केला होता, “आई, झालं,” तर आई घाबरून म्हणाली, “काय झालं? कुठे लागलं?” लागलं नाही गं, विक्रम झाला. “मग ‘झालं’ काय म्हणतेस अशी,” आई रागावली होती, “माणसाच्या पोटात गोळा येतो.”

आईचा तो शब्द वेगळा होता. ‘झालं का उड्या मारून?’ रोज संध्याकाळी दारातच. आई कपडे शिवायची आणि तोंडात टाचण्या धरून बोलायची, त्यामुळे तिचं सगळं बोलणं टाचल्यासारखं यायचं. तिला मुलगी उड्या मारते याचं दुःख नव्हतं, चड्डीवर मारते याचं होतं. मुलीची पहिली चड्डी तिनेच शिवली, गुडघ्यापर्यंत, आणि खाली दोन बोटं कापड दुमडून दाब ठेवला, वाढत्या अंगाची म्हणून. लांब उडी मारणाऱ्या मुलीच्या चड्डीला वाढता दाब. शाळेत संडास बांधायला आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगावर ती पहिल्यांदा उडाली होती. संडास पुढच्या वर्षी बांधू, असं मुख्याध्यापक म्हणाले, पोरगी चांगली उडतेय. त्यामुळे एक अख्खं वर्ष सगळी शाळा तिच्या कर्तृत्वासाठी पाय आवळून वर्गात बसली होती, आणि मधल्या सुट्टीत मुली तिच्याकडे ज्या नजरेने बघत ती नजर तिला कुठल्याही पदकाच्या आधी मिळाली. तिचा पहिला प्रेक्षकवर्ग तिने शक्य तितक्या लवकर हरावं म्हणून आतुर होता. ती हरली नाही. तेव्हापासून जिंकताना तिला नेहमी वाटत आलं, की आपल्यामुळे कुणाची तरी अडचण होतेय.

पहिल्या मोठ्या स्पर्धेत मात्र हरली. तेव्हा कमरेपर्यंत वेणी होती. उडी इतकी चांगली पडली की तिला शिकवणारे सर झेंड्याची वाट न बघता नाचायला लागले, आणि मग पंचाने वाळूत मागे, बरंच मागे, एका बारीक ओरखड्यावर बोट ठेवलं. वेणीचं टोक. अंगाला जे काही जोडलेलं असेल ते अंगच, असा नियम आहे; वेणी तिच्याबरोबरच पुढे आली होती पण टेकली मागे. उडी वेणीपासून मोजली. ती पाचवी आली आणि तिची वेणी, असं सर पुढे आयुष्यभर सांगत, सहावी. त्याच संध्याकाळी चिकटपट्टी कापायच्या कात्रीने तिने ती कापली आणि कागदात गुंडाळून घरी नेली. आईने कागद उघडला, टाचण्या तोंडातून काढून गादीत खोचल्या, एकेक, आणि किती तरी दिवस बोलली नाही. पण तिला आत्ता आठवत होता तो पंच. चष्मेवाला, बारका, कुणीच नाव न विचारलेला. त्याला ती खूण दिसली नसती तरी चाललं असतं. तो डोळे मिटू शकला असता, शिंकू शकला असता. त्याने वाकून बोट ठेवलं आणि म्हणाला, “सॉरी हं बाळ, इथून आहे.” तिने त्याला किती वर्षं शिव्या दिल्या होत्या. आज तिला वाटलं, त्याच्या जागी उभं राहायला मिळालं होतं आपल्याला, आणि आपण काय केलं? आपण चादर घातली.

पण मुद्दाम केलं का? इथे येऊन तिचं मन फाऊल करायचं. फळीपर्यंत जोरात यायचं आणि पाऊल पुढे पडायचं. मुद्दाम म्हणजे ठरवून, आणि ठरवायला वेळच कुठे होता. हात चालले. हात इतकी वर्षं वाळूत वावरलेले, खूण दिसली की पुसायची हीच सवय. आणि ‘झालं’ ऐकू आलं होतं, ते तर शपथेवर. स्पष्ट. कानाजवळ. बाईचा आवाज, जरा घोगरा. तिने ते दोन-तीनदा मनात वाजवून पाहिलं, जसं आपण दारावरची बेल खरंच वाजली का म्हणून आठवतो, आणि दर वेळी ते जास्त स्पष्ट वाजलं, जे काही चांगलं लक्षण नाही.

शिट्टी झाली. टोळ उठली, उगाच दोन उड्या मारल्या, धावपट्टीच्या टोकाला गेली. तिने दंताळं खांद्याला लावलं. आता तिने काय मागितलं? ती प्रार्थना वगैरे करणाऱ्यातली नव्हती, पण पोटात काहीतरी मागत होतं, आणि ते मागणं जड जाऊ लागलं तेव्हा तिने नीट बघितलं. तर अर्धं पोट मागत होतं की मुलीने परत तेवढंच मारावं, आणि अर्धं मागत होतं की मारू नये. म्हणजे आपली चूक फुकट जाऊ नये. तिला इतकी लाज वाटली की क्षणभर तिने डोळेच मिटले, आणि त्यामुळे ती उडी तिने पाहिलीच नाही. ऐकली. पावलं जवळ आली, फळीचा ठोका, मग ते हवेतलं नेहमीचं रिकामपण, मग वाळूचा आवाज, आणि आवाजावरूनच कळलं. भिजलेलं पोतं टाकल्यासारखा. डोळे उघडले तेव्हा पांढरा झेंडा वर होता आणि टोळ खड्ड्याच्या मधे, नारिंगी झेंड्यापासून लांब, बसून होती. सळई रोवली, टेप आता शहाण्यासारखी सरळ आली, आकडा वाचला, लिहिणारी म्हणाली, “झालं.” सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आता ओढा, मॅडम. तिने वाळू ओढली. हा आवाज बारीक होता, शाळकरी, नाकातला. मघाचा आवाज हा नव्हता.

“आणि विक्रम अबाधित,” निवेदक भोंग्यावर म्हणाला, “इतक्या वर्षांनंतरही आपल्या ताईंचा विक्रम अबाधित. ताई, एकदा हात दाखवा सगळ्यांना.” तिचे दोन्ही हात दंताळ्यावर होते. एक सोडला तर दंताळं आडवं झालं असतं, म्हणून तिने दंताळंच वर केलं. टाळ्या वाढल्या. लांबून ते एखाद्या विजयी सेनेचं काहीतरी वाटलं असणार.

पदकं देताना पोलिसातली बाई पायरीवर चढली, तिने सलाम ठोकला आणि नकळत हिनेही ठोकला. मग टोळ. दुसरं पदक. गळ्यात घालताना मुलीच्या कानात, मानेवर, भुवयांत अजून वाळू चिकटलेली दिसली. “तुमच्या हातून मिळालं, बास,” टोळ म्हणाली, आणि तिला वाटलं खाली उतरून त्या आत आत जाणाऱ्या सोफ्यात पूर्ण आत जावं. पण सोफ्यापाशी ते फोनवालं पोरगं उभं होतं. “मॅडम, बघा ना, किती छान आलंय,” ते म्हणालं. “टाकू का?” तिने बघितलं. छान आलं होतं. उन्हात तिचा चेहरा, कपाळावर केस, हातात दंताळं, पोट आत. मागे कुठेतरी धप्पकन काहीतरी पडतं, मुलगी दिसत नाही, खूण दिसत नाही, फक्त कडेला नारिंगी झेंड्याचा कोपरा. चित्रातली ती बाई खाली वाळूकडे बघते. बघतच राहते. मग तिचे ओठ हलतात. आवाज नाही, नुसता वारा. ओठ एकदा मिटल्या दातांवर ताणतात, जिभेचं टोक दिसतं न दिसतं, तोंड उघडतं आणि तसंच राहतं, शब्दाच्या शेवटी श्वास सुटावा तसं. मग दंताळं पुढे येतं. “परत दाखव,” ती म्हणाली. पोराने परत दाखवलं. “आवडलं ना?” ते म्हणालं. ती तिसऱ्यांदा बघत असताना तिला कानातला तो मघाचा आवाज ओळखू आला, कारण तो ती रोज ऐकत होती; फोनवर पाण्याच्या तक्रारी घेताना, नवऱ्याला जेवायला हाक मारताना. जरा घोगरा. सरांनी तिला शेवटच्या वर्षी ‘आता झालं, पोरी’ असं सांगितलं होतं तेव्हा ती ऐकून न ऐकल्यासारखं करून निघून आली होती. तो शब्द कुठे गेला होता कोण जाणे. इतकी वर्षं आत कुठेतरी कुणाची तरी वाट बघत बसला असणार, आणि आज दुसऱ्या कुणाच्या तरी टाचा झेंड्यापलीकडे रुतल्यावर तिच्याच तोंडातून बाहेर आला, आणि तिच्याच कानाने तो हुकूम म्हणून ऐकला, आणि तिच्याच हातांनी पाळला. इतकं शिस्तीत काम त्या कचेरीत कधी झालं नव्हतं.

“टाकू ना मॅडम?” “टाक,” ती म्हणाली. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

ती आधी मुख्य पंचाकडे गेली. तो नेऊ की नको असं बघत बिस्किटांचा पुडा खिशात घालत होता. खूण माझ्या झेंड्याच्या पलीकडे होती, असं तिने सांगितलं. त्याने पुडा सोडला. “मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला, “डोळ्यांनी मोजायची सोय नाही हो नियमात. आणि तुमचा स्वभाव मला माहीत आहे. स्वतःचा विक्रम दुसऱ्याला द्यायला निघालात. असं मन कुठे बघायला मिळतं?” त्याचे डोळे खरोखर ओले झाले होते. ती तिथून निघाली ती जवळजवळ पळतच.

बायकांच्या खोलीत नळांची एक रांग होती आणि टोळ शेवटच्या नळाखाली डोकं घालून कान धूत होती. तिची पिशवी, बूट, पदक बाकावर होतं; पदक बुटात ठेवलेलं. बाहेर कुठेतरी टोळची आई थांबली होती, दर थोड्या वेळाने दारातून “आवरलं का गं?” असं विचारत होती. या दारालाही कडी नव्हती. हिने बसायला जागा शोधली, मग बसलीच नाही.

“तुझी ती उडी,” ती म्हणाली, “पुसली गेली ती. मी पाहिली होती.”

“हो ना,” टोळ म्हणाली, पाण्यातून. “बरी होती ना? मला वाटलं बरी होती.”

“माझ्या पुढे होती. झेंड्याच्या पलीकडे.”

टोळने नळ बंद केला. केसांतून पाणी गळत होतं. तिने हिच्याकडे बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते बघताना हिला आधी वाटलं की कळलं. मग तो चेहरा मऊ झाला.

“ताई,” ती म्हणाली, “तुम्ही ना, फार चांगल्या आहात.”

“अगं, खरं सांगतेय. चार बोटं पुढे होती. मी पाहिली.”

“सगळ्या मोठ्या माणसांना जमत नाही असं बोलायला. माझे कोच तर म्हणाले, पाय आहेत का बांबू.” टोळ हसली, नाक पुसलं. “पण मला माहितीय मी किती मारते. तुमच्या पुढे मी स्वप्नात पण जात नाही हो. तुमचा फोटो आहे माझ्या खाटेच्या वर, त्याच्याखाली झोपते मी.”

“मी ती पुसली,” ती म्हणाली. हे इतकं मोठ्याने आलं की रांगेतला एक नळ टपकायचा थांबला, असं तिला वाटलं. “ऐक. कुणी काही बोललं नव्हतं. मीच बोलले. मला दिसलं की तू पुढे गेलीस आणि मी पुसली. तुझी उडी होती ती. तू गेली असतीस तिकडे. काउंटर सुटलं असतं तुझं. मी पुसली.”

आता टोळ खरंच विचार करत होती. कपाळावर, काउंटरवर सुटे पैसे मोजताना पडत असेल तशी आठी पडली होती. एक क्षण, फार लहान, तिची नजर हिच्या हातांकडे गेली. मग परत वर आली आणि तिथे तीच मऊ माया होती, आणि थोडी काळजी.

“ताई, तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?” तिने विचारलं. “उन्हात उभ्या होतात एवढ्या वेळ. तुम्ही कशाला मुद्दाम पुसाल? काहीतरीच. चुकतं माणसाचं. मी काउंटरवर एकाला दोनदा पैसे परत दिले, आठवडाभर झोप नव्हती मला. असंच होतं. मग आपल्याला वाटायला लागतं आपण मुद्दामच केलं.”

“मी मुद्दामच केलं.”

“बरं,” टोळ म्हणाली, लहान मुलाला म्हणतात तसं. “बरं, पुढे होती माझी. तुम्ही म्हणता ना, मग होती. मी घरी सांगेन सगळ्यांना, ताई म्हणाल्या म्हणून. आता नका रडू.”

ती रडत होती हे तिला तेव्हा कळलं. टोळने बाकावरचा टॉवेल घेतला, एकदा झटकला आणि तिच्या हातात दिला. तो ओला होता आणि त्यात वाळू होती, बारीक, खरखरीत. तिने तो तोंडावर धरला आणि तसाच धरून ठेवला. बाहेरून पावलं आली, दार लोटल्याचा आवाज झाला, आणि टॉवेलच्या पलीकडून तिला मुलीचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू आलं.

“थांब गं आई, एक मिनिट. ताईंना जरा बरं वाटू दे.”